चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचं टपाल

शनिवार सकाळ म्हणजे आमच्याकडे पॅकिंगचा वार. अख्खा आठवडा हिंजवडीच्या फेज थ्रीमध्ये दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधायचे आणि शनिवारी इकडे माणच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये जमिनीवर फतकल मारून खाकी कागद, सुतळी आणि चिकटपट्टी घेऊन बसायचं. हे दुकान ताईचं. मी फुकटचा हमाल आणि तिच्या एक्सेल शीटचा मेंटेनन्स इंजिनिअर.

ताई जुनी मराठी पुस्तकं आणि जुने दिवाळी अंक विकते, ऑनलाइन. बाळ झाल्यावर नोकरी सोडली, घरी बसून काय करायचं म्हणून सुरुवात केली. पुण्यात कुणाचे आजोबा गेले, फ्लॅट रिकामा करायचाय, की पुस्तकं पोत्यात भरून रद्दीत जातात. ती पोती ताई रद्दीवाल्याकडून उचलते. मग प्रत्येक पुस्तक पुसायचं, फाटलेली पानं चिकटवायची, फोटो काढायचा आणि यादी टाकायची. गिऱ्हाईकं कुठली? लातूरचं एक वाचनालय, बेळगावचे एक निवृत्त बँकवाले काका, गडचिरोली जिल्ह्यातले एक शिक्षक. थोडक्यात काय, तर जिथून अप्पा बळवंत चौक लांब आहे तिथली माणसं.

परवा ह्या शिक्षकांचा मेसेज आला. 'आवाज'चा एक जुना दिवाळी अंक हवा होता, तो खिडक्यांच्या चित्रांचा. ताईने किंमत सांगितली तीस रुपये. वजन केलं, चारशे ग्रॅम. मग टपालाचा दर काढला. स्पीड पोस्टने अडीचशे ते पाचशे ग्रॅमला, पाचशे ते हजार किलोमीटरच्या टप्प्यात ८२ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. झाले शहाण्णव रुपये शहात्तर पैसे. म्हणजे तीस रुपयांचा अंक आणि सत्त्याण्णव रुपयांचं टपाल. 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' असं आजी म्हणायची तेव्हा मला ती अतिशयोक्ती वाटायची. इथे तर मसाला बारा आण्यांच्याही वर गेला.

ताईने सरांना प्रामाणिकपणे आकडा कळवला. सरांनी लिहिलं, "राहू द्या ताई, पुढच्या वेळी बघू."

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? महागाई आहे, सगळंच वाढतं. एक ऑर्डर गेली म्हणून ब्लॉग कशाला लिहायचा?

थांबा जरा. मला नेमकं हेच सांगायचंय की ही नुसती दरवाढ नाही. दरवाढीबद्दल माझी फारशी तक्रारही नाही. स्पीड पोस्टचे दर आधी ऑक्टोबर २०१२ मध्ये बदलले होते, त्यानंतर १ ऑक्टोबर २०२५ ला. पन्नास ग्रॅमच्या पाकिटाला देशात कुठेही ३५ रुपये लागायचे ते ४७ झाले. तेरा वर्षांत बारा रुपये! ह्याच काळात आमच्या कँटीनमधल्या चहाचं काय झालं ते आठवा. तेव्हा डिपार्टमेंटने दर वाढवले म्हणून गळा काढणारा मी नव्हे.

खरी भानगड वेगळी आहे. दर वाढवणं एक आणि स्वस्तातला पर्यायच काढून टाकणं दुसरं. जिना जरा उंच केला तर माणूस धापा टाकत का होईना चढतो. पण खालच्या दोन पायऱ्याच काढून नेल्या तर ज्याचे पाय लांब आहेत तोच वर जाणार.

काढून नेलेली पहिली पायरी म्हणजे बुक-पोस्ट. तिशीच्या आतल्यांना हा शब्द कदाचित लग्नपत्रिकेमुळे माहीत असेल. कोपऱ्याला हळदकुंकू लावलेलं, न चिकटवलेलं पाकीट आणि त्यावर लिहिलेलं 'बुक-पोस्ट'. पाकीट उघडं का? तर आत छापील मजकूरच आहे, खाजगी पत्र नाही, हे टपालवाल्याला बघता यावं म्हणून. त्या बदल्यात दर कमी. पुस्तकांसाठी ह्याच कुटुंबातली रजिस्टर्ड सोय होती. एक किलोला ३२ रुपये, दोन किलोला ४५, पाच किलोला ८०. सावकाश जायचं, पण पोचायचं आणि नोंदही राहायची. छोट्या प्रकाशकांपासून ताईसारख्यांपर्यंत कितीतरी जण ह्यावर तगून होते.

१८ डिसेंबर २०२४ ला ही सोय बंद झाली. आधी गाजावाजा नाही, मुदत नाही. काउंटरवरच्या सॉफ्टवेअरमधून तो पर्याय गेला आणि अनेक ठिकाणी लोकांना ते काउंटरवर पोचल्यावरच कळलं. पुस्तकं मग साध्या रजिस्टर्ड पार्सलच्या दरात. एक किलोला ७८, दोन किलोला ११६, पाच किलोला २२९.

मंडळी, आपण सगळे सॉफ्टवेअरवाले. एखादी एपीआय बंद करायची असेल तर आपण काय करतो? सहा महिने आधी नोटीस काढतो, जुनं आणि नवं काही काळ शेजारीशेजारी चालवतो, वापरणाऱ्यांना मेल पाठवतो. एवढं करूनही कुणाचं काही मोडलं तर रात्री दोनला कॉलवर बसतो. आणि इथे हजारो लोकांच्या धंद्याचा आधार असलेली सेवा एका ड्रॉपडाउनमधून उडवली जाते! आपल्याकडे एखाद्या ज्युनिअरने प्रॉडक्शनवर असा बदल टाकला असता तर सोमवारी सकाळी त्याची काय पूजा झाली असती?

दुसरी पायरी रजिस्टर्ड पोस्ट. ती २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन केली. ज्याला घाई नाही, फक्त खात्री हवी आहे, त्यानेही आता वेगाचे पैसे भरायचे. त्याच वर्षी त्या वेगाचे दरही वाढले.

आता न्यायाने दुसरी बाजूही सांगतो. बुक-पोस्ट गेल्यावर प्रकाशकांनी आणि वाचकांनी आरडाओरडा केला आणि १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' नावाची नवी सेवा आली. तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १००, कर लागू असेल तो वेगळा. जाते जमिनीवरून, ट्रॅकिंगही मिळतं. चांगली सेवा आहे. ताईची निम्मी पुस्तकं आज ह्याच सेवेने जातात आणि ज्याने कुणी ही फाइल पुढे सरकवली त्याला माझा नमस्कार. पण डिसेंबर ते मे हे मधले साडेचार महिने ज्यांचं दुकान बसलं त्यांना तो नमस्कार उपयोगाचा नाही.

शिवाय ह्या सवलतीला दारावर पहारेकरी आहे. पुस्तक शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक हवं. त्यावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं. व्यापारी स्वरूपाचं नको आणि किरकोळ सूचना किंवा पुस्तकांच्या याद्या सोडून आत जाहिराती नकोत.

जाहिराती नकोत! अहो, दिवाळी अंक म्हणजे काय असतं? काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी साहित्याचं निम्मं वैभव ह्या अंकांमधून आलं. आणि त्या वैभवाचं बिल कुणी भरलं? साबण, तेल, बँका आणि सराफांच्या जाहिरातींनी. कथेच्या शेजारच्या पानावर उटण्याची जाहिरात नसेल तर तो दिवाळी अंक वाटतच नाही. प्रकाशकांच्या नोंदणीकृत नियतकालिकांना वेगळी सवलत असते, पण चाळीस वर्षांपूर्वीचा अंक रद्दीतून वाचवून विकणाऱ्या बाईला तिचा काय उपयोग? म्हणजे 'आवाज'चा अंक संस्कृतीतही बसतो आणि समाजातही, फक्त ज्ञान पोस्टात बसत नाही.

अमेरिकेत १९३८ साली रूझवेल्टने पुस्तकांसाठी स्वस्त टपालदर आणला. तोच आज 'मीडिया मेल' म्हणून चालू आहे, आणि तिथेही जाहिरातींना मज्जाव आहे. कबूल. पण दिवाळी अंक हा प्रकार अमेरिकेत नाही. तो आपला आहे, तर त्याच्यापुरता नियमही आपणच करायला हवा ना?

आणि हे झालं पुस्तकांपुरतं. आमच्याच सोसायटीत एक काकू कापडी पिशव्या आणि दुपटी शिवून ऑनलाइन विकतात, तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगी हाताने रंगवलेली भेटकार्डं विकते. त्यांच्या मालात 'ज्ञान' नाही, त्यामुळे त्यांना तर त्या दारातही उभं राहायला नको. साठ रुपयांच्या भेटकार्डाचं पाकीट अडीचशे ग्रॅमच्या आत बसवून गडचिरोलीला पाठवायचं तर ६८ रुपये आणि वर जीएसटी.

कराची गंमत तर अजूनच. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य. १८ जुलै २०२२ पासून टपालाच्या बहुतेक सेवांवर कर लागला तेव्हाही पोस्टकार्ड, आंतरदेशीय पत्र, दहा ग्रॅमच्या आतलं साधं पाकीट आणि बुक-पोस्ट ह्यांना सूट होती. मग बुक-पोस्टच गेलं, त्याबरोबर त्याची सूटही गेली. आज स्पीड पोस्टने तेच पुस्तक पाठवा, पुस्तकावर कर नाही, पण ते नेण्यावर अठरा टक्के.

"मग कुरियरने पाठव की!" हा सल्ला मला ऑफिसात रोज एक जण देतो. पाठवून बघितलं. एका कुरियर अ‍ॅपवर (नाव घेत नाही) चारशे ग्रॅमची दोन पुस्तकं कोपरे दुमडू नयेत म्हणून जरा मोठ्या खोक्यात घातली. खोकं ३० × २० × १० सेंटीमीटर. त्यांचं गणित असं की लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले पाच हजार. म्हणजे वजन एक पूर्णांक दोन किलो! काट्यावर चारशे ग्रॅम, बिलात बाराशे. गणितात चूक काही नाही, विमानात आणि ट्रकमध्ये जागेचेच पैसे असतात. फक्त ते गणित ट्रक भरून माल पाठवणाऱ्यासाठी केलेलं आहे, दोन पुस्तकं पाठवणाऱ्या ताईसाठी नाही.

"मग मोठ्या मार्केटप्लेसवर लिस्ट कर." हा दुसरा सल्ला. ह्याच्यावर जरा सविस्तर बोलू, कारण सगळ्याचं मूळ इथे आहे.

शनिवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या वॉचमन काकांच्या केबिनमध्ये जाऊन बघा. खोक्यांचा डोंगर. माणमध्ये शेतं होती तिथे टॉवर आले, टॉवरमध्ये आपण आलो आणि आपल्या मागोमाग ही खोकी आली. त्यातल्या बहुतेकांवर आपण 'फ्री डिलिव्हरी' घेतलेली असते. पण पेट्रोल फुकट नाही, त्या पाठीवर बॅग मारून येणाऱ्या पोराचा दिवसही फुकट नाही. खर्च असतोच, तो कुठेतरी किमतीत, कमिशनमध्ये, मेंबरशिपमध्ये विरघळवलेला असतो. अ‍ॅमेझॉनची स्वतःची वाहतूक यंत्रणा आहे, फ्लिपकार्टची 'ईकार्ट' आहे. टपालाचा दर दुप्पट होवो की चौपट, त्यांच्या धंद्याला ओरखडा उठत नाही. उलट फायदाच! कारण स्वतःच्या पायावर उभा असलेला छोटा विक्रेता टपाल परवडेनासं झालं की निमूटपणे त्यांच्याच दारात येतो आणि त्यांच्या अटी, त्यांचं कमिशन, त्यांची रिटर्न पॉलिसी मुकाट सही करून घेतो. टपाल महागलं की गिऱ्हाईक कुणाच्या खिशात जातं ते ह्यावरून बघा. हे कुणी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. पण परिणाम तोच होतो.

आणि ह्या दोन्ही कंपन्यांची सुरुवात कशाने झाली? पुस्तकं विकण्याने! अ‍ॅमेझॉन १९९५ मध्ये पुस्तकं विकायला लागली. बेझोस सुरुवातीला पार्सलं स्वतःच्या गाडीत घालून पोस्टात नेऊन द्यायचा, हे त्याने स्वतःच अनेकदा सांगितलंय. फ्लिपकार्ट २००७ मध्ये पुस्तकांचंच दुकान होतं. दुसऱ्याने बांधलेल्या, सगळ्यांना एकाच दरात खुल्या असलेल्या वाहतुकीवर पाय ठेवून ही मंडळी मोठी झाली. उद्याच्या कुणाला तशीच सुरुवात करायची असेल तर त्याने पाय कुठे ठेवायचा?

"पण टपालखातं तोट्यात आहे, तुझ्या ताईच्या धंद्याला करदात्यांनी का पोसायचं?" हा प्रश्न रास्त आहे, त्याला टाळणार नाही. उत्तर असं की देशातल्या एक लाख चौसष्ट हजारांच्या आसपास टपाल कार्यालयांचा बराचसा खर्च पाकिटं किती आली ह्यावर ठरतच नाही. पोस्टमन रोज गावात जाणारच आहे. त्याच्या पिशवीत अजून चारशे ग्रॅमचं पाकीट पडलं, तेही 'उद्याच पोचव' अशी सक्ती नसलेलं, तर खर्च कितीसा वाढतो? उलट दर एवढा ठेवला की पाकीटच येत नाही, तर ते बुडलेलं उत्पन्न कुठल्या खात्यात दाखवायचं? सरांच्या त्या अंकातून खात्याला सत्त्याण्णव रुपये मिळाले नाहीत. शून्य मिळाले. चाळीस ठेवले असते तर चाळीस मिळाले असते. एवढं साधं गणित आहे.

१८५४ साली आपल्याकडे टपालाचा नवा कायदा आला तेव्हा पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा असा दर ठरला, अंतर कितीही असो. त्याआधी अंतराप्रमाणे पैसे लागायचे. एकाच दरामुळे टपाल सामान्य माणसाचं झालं. आज पाचशे ग्रॅमचं पाकीट शहरातल्या शहरात २८ रुपयांत आणि गडचिरोलीला ८२. ज्याच्या घराखाली तीन पुस्तकांची दुकानं आहेत त्याला स्वस्त आणि ज्याच्या तालुक्यात एकही नाही त्याला तिप्पट. वेगाचा असा हिशोब मला समजू शकतो. पण मग वेग नको म्हणणाऱ्याला वेगळी खिडकी द्या ना!

आणि नव्या दरांसोबत सवलती कुणाला? विद्यार्थ्यांना दहा टक्के, छानच. आणि नव्या घाऊक ग्राहकांना पाच टक्के. किरकोळवाल्याला नमस्कार-चमत्कार.

मागणी फार मोठी नाही. एक किलोच्या आतलं, सावकाश जाणारं, ट्रॅकिंग असलेलं, देशभर एका दराचं साधं पाकीट. आत पुस्तक आहे की दुपटं ह्याची चौकशी नको. दिवाळी अंकांना आणि जुन्या मासिकांना ज्ञान पोस्टचं दार उघडं. आणि यापुढे कुठलीही सेवा बंद करायची तर किमान तीन महिन्यांची जाहीर नोटीस. पिनकोड ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर टपालखात्यातलेच, आपले मराठी, शिवाय संस्कृतचे लेखक. १५ ऑगस्ट १९७२ ला त्यांची सहा आकड्यांची पद्धत लागू झाली आणि आज आपली प्रत्येक डिलिव्हरी अ‍ॅप आधी तोच पिनकोड विचारते. एवढं अफाट काम सगळ्यांसाठी फुकट खुलं करणाऱ्या खात्याला एक स्वस्त पाकीट जड जाऊ नये.

आणि आता थोडं आपल्याबद्दल, कारण सरकारला शिव्या घालून लॅपटॉप मिटणं सोपं आहे. ताईला येणाऱ्या मेसेजमध्ये सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न म्हणजे "शिपिंग फ्री आहे का?" आणि विचारणारे गडचिरोलीचे सर नसतात हं, ते विचारतच नाहीत. विचारतो तो बाणेरचा, वाकडचा, आपल्याच पगाराचा माणूस. शनिवारी दोनशे रुपयांची कॉफी पिऊन. मीही त्यातलाच होतो, ताईची एक्सेल शीट बघेपर्यंत. तेव्हा पुढच्या वेळी कुणा छोट्या विक्रेत्याने टपालखर्च वेगळा लिहिला तर निदान घासाघीस करू नका. आठ दिवस थांबायची तयारी दाखवा. तीन वस्तू एकदम मागवा. आणि जमलंच तर टपालखात्याच्या तक्रारपेटीत दोन ओळी टाका. ज्ञान पोस्ट आरडाओरड्यानंतरच आलं, हे विसरू नका.

ताईने ह्या महिन्यापासून नियम केलाय, एकट्या अंकाची ऑर्डर घ्यायची नाही, किमान तीन हवेत. मी शीटमध्ये तो नियम बसवून दिला. पाच मिनिटांचं काम. सेव्ह करताना लक्षात आलं की ह्या नियमात सर बसत नाहीत. ते कधीच तीन मागवत नाहीत. महिन्याला एकच, तेही वर्गातल्या पोरांना दाखवायला.

'आवाज'चा तो अंक अजून आमच्या टीपॉयवर पडलाय. ताई म्हणाली, "ह्या वेळी टपाल आपण भरू, पाठवून दे." पाठवतोय. पण असं किती वेळा?

असो. पोस्टाची खिडकी बंद व्हायच्या आत पोचायचंय आणि माणच्या रस्त्यावर शनिवारीही ट्रॅफिक असतोच. बाकी पुढच्या वीकेंडला.